आठ महिने उभी, मग नऊ दिवस रस्त्यावर

साडेदहा मीटर लांबीची बस. इंजिन पुढे, सहा सिलिंडर, मेकॅनिकल डिझेल पंप, २४ व्होल्टची वायरिंग, एअर ब्रेक, चारही बाजूंना पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. वय ३० वर्षं. आतली बाकं काढून तिचं घर केलेलं आहे: मागे पलंग आणि त्याखाली पाण्याची टाकी, मधे ओटा, छतावर सोलर पॅनल. निघण्याआधी ती आठ महिने एकाच जागी उभी होती. नऊ दिवसांत जे बिघडलं त्याचं मूळ जवळजवळ प्रत्येक वेळी दोनांपैकी एका गोष्टीत सापडलं. एकतर लांबलेलं उभं राहणं, नाहीतर घर करताना केलेलं काम. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल या जुन्या वस्तूंनी एकदाही दगा दिला नाही, हे आधीच सांगायला हवं, कारण लोक सगळा दोष वयाला देतात.

दिवस १, १४० किलोमीटर

पहिले ४० किलोमीटर गाडी सुरेख चालली. मग ओढ कमी झाली. आयडलला इंजिन शांत, पण रेस दिली की अडखळायचं, आणि शेवटी बंद पडलं. दहा मिनिटांनी सेल्फ मारला तर लगेच सुरू. ही खूण ओळखून ठेवावी: थांबल्यावर आपोआप बरी होणारी गाडी बहुतेक वेळा डिझेलच्या वाटेत अडथळा असल्याचं सांगते. ओढ थांबली की जाळीला चिकटलेला गाळ खाली बसतो आणि थोडा वेळ वाट मोकळी होते.

पहिला फिल्टर उघडला तर आत काळा, बुळबुळीत गाळ. टाकी अर्धी ठेवून गाडी महिनोन्‌महिने उभी केली की रिकाम्या भागातल्या हवेतला ओलावा पत्र्यावर थिजतो आणि पाणी तळाशी जमतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्मजीव वाढतात. तोच हा गाळ. उभ्या गाडीत तो निपचित असतो, पहिल्या खड्ड्यांनी ढवळला जातो. टाकीच्या तळाचा ड्रेन प्लग उघडून दोन-अडीच लिटर डिझेल काचेच्या बरणीत काढलं, तेव्हा तळाला पाण्याचा थर स्पष्ट दिसला. शुद्ध डिझेल यायला लागेपर्यंत काढत राहायचं.

फिल्टर बदलल्यावर एअर काढावी लागते. क्रम चुकवू नये. फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू दोन आटे सैल करायचा आणि फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचा) हाताचा दांडा मारत राहायचं. फेस संपून सलग डिझेल आलं की दांडा मारता मारताच स्क्रू आवळायचा. मग डिझेल पंपावरच्या स्क्रूला तेच. तरीही गाडी सुरू झाली नाही तर दोन-तीन नोझलच्या पाइपांचे नट एक-एक फेरा सैल करून, रेस पूर्ण ठेवून, सेल्फ मारायचा. एका वेळी १५ सेकंदांहून जास्त नाही आणि मधे दोन मिनिटं विश्रांती, नाहीतर सेल्फ जळतो. नटाशी डिझेल थुंकायला लागलं की आवळायचं. या वेळी हात पाइपाच्या तोंडापासून लांब ठेवावा. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं, आणि तशी जखम वरून टाचणी टोचल्यासारखी दिसली तरी तातडीने दवाखान्यात जावं लागतं.

बँजो बोल्टाचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टाचे) तांब्याचे वायसर नवे नसतील तर जुने चालतात, पण थेट नाही. एकदा आवळलेलं तांबं कडक होतं आणि पुन्हा बसत नाही. वायसर तारेत धरून ज्योतीवर लालसर होईपर्यंत तापवायचा आणि गार करायचा. तो परत मऊ होतो.

एवढं करूनही ३० किलोमीटरवर पुन्हा तेच. या खेपेला फिल्टर स्वच्छ होता, पण ब्लीड स्क्रू उघडताच फेस. म्हणजे कुठूनतरी हवा आत येत होती. टाकी ते फीड पंप या भागात पंप ओढत असतो, त्यामुळे तिथलं भोक बाहेर गळत नाही, आत हवा घेतं. कोरड्या पाइपाकडे पाहून काही कळत नाही. उपाय एकच: फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक पाइप तात्पुरता जोडायचा आणि बुडबुडे येतात का पाहायचं. आले. मग टाकीच्या बाजूने एकेक जोड वगळत मागे जायचं. दोष सापडला तो घराच्या हीटरच्या जोडात. डिझेलवरच्या हीटरला इंधन देण्यासाठी मुख्य पाइपात टी (तीन तोंडांचा जोड) घातला होता. हीटर बंद असताना इंजिनाचा पंप त्या बारीक फाट्यातूनच हवा ओढत होता. टी काढून पाइप सरळ जोडला, क्लिपा नव्या लावल्या. हीटरला टाकीत स्वतंत्र नळी हवी, आणि ती मुख्य नळीपेक्षा आखूड, म्हणजे हीटर कधीच गाडीचं शेवटचं डिझेल संपवणार नाही.

दिवस २, ९५ किलोमीटर

घाट. पायथ्याशी तापमान ८५ अंश, तिसऱ्या वळणानंतर ९८, मग काटा लाल पट्ट्याकडे. अशा वेळी जड गिअरमध्ये रेस दाबून चढवणं सगळ्यात वाईट. पंखा आणि वॉटर पंप इंजिनाच्या वेगावर फिरतात. गिअर एकने उतरवायचा, रेस हलकी ठेवायची, इंजिनाच्या गरम पाण्यावर चालणारा केबिनचा हीटर पूर्ण उघडायचा. उकाड्यात हे नकोसं वाटतं, पण तो दुसरा छोटा रेडिएटरच आहे. थांबल्यावर, पाणी बाहेर फेकलं गेलेलं नसेल तर, इंजिन लगेच बंद करू नये. १००० फेऱ्यांवर चार-पाच मिनिटं चालू ठेवावं, नाहीतर हेडमधलं (इंजिनाच्या वरच्या भागातलं) पाणी जागच्या जागी उकळतं.

रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. ०.७ बारचं झाकण असेल तर आतलं पाणी सुमारे ११५ अंशांपर्यंत उकळल्याशिवाय राहतं. झाकण उघडताच दाब जातो आणि सगळं एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. वरचा होज पाइप फडक्याने दाबून पाहावा. तो मऊ लागला की मगच झाकण पहिल्या खाचेपर्यंत. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जातो. चालू इंजिनात, थोडं थोडं, शक्यतो कोमट.

कारणं तीन निघाली आणि तिन्ही एकमेकांत मिसळलेली होती. पंख्याचा पट्टा चकचकीत झाला होता, म्हणजे घसरत होता. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने जोर दिल्यावर तो १० ते १२ मिलिमीटर दबावा. इथे २५ दबत होता. दुसरं, रेडिएटरच्या पात्यांत धूळ आणि किडे गच्च. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारायचं, म्हणजे हवा ज्या दिशेने येते त्याच्या उलट, आणि दाब कमी ठेवायचा, कारण जोराच्या फवाऱ्याने पाती झोपतात. एका बाजूने दिवा धरून दुसऱ्या बाजूने उजेड दिसेपर्यंत धुवावं.

तिसरं कारण शोधायला वेळ लागला. इंजिनाच्या मागे, चासीखाली, सामानासाठी रुंद पत्र्याची पेटी बसवली होती. पुढून आलेली हवा रेडिएटरमधून आत येते हे सगळ्यांच्या ध्यानात असतं. ती इंजिनाच्या खालून मागे बाहेर पडली पाहिजे हे विसरलं जातं. बाहेरची वाट अडली की आत येणारी हवाही अडते. पेटीचे सहा बोल्ट काढून ती उतरवली आणि आत बांधून ठेवली. उरलेला घाट ९० अंशांवर पार झाला.

अशा वेळी 'थर्मोस्टॅट काढून टाका' हा सल्ला हमखास मिळतो. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापलं की पाण्याला रेडिएटरची वाट उघडणारी झडप. बऱ्याच जुन्या डिझेल इंजिनांत तो उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो. तो काढला तर बायपास कायम उघडा राहतो आणि बरंचसं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं. शंका असेल तर तो पातेल्यात दोरीने लटकवून, तळाला टेकू न देता, पाणी तापवून पाहावा. त्यावर छापलेल्या तापमानाला तो उघडू लागला आणि पुढच्या १०-१५ अंशांत पूर्ण उघडला तर तो चांगला आहे.

दिवस ३, शून्य किलोमीटर

दिवसभर पाऊस. पलंगाच्या डोक्याशी थेंब. छतात थेंब जिथे पडतो तिथे भोक नसतं. पाणी आडव्या पट्टीवरून दोन-दोन मीटर वाहत येतं. हे भोक सोलर पॅनलच्या कंसाच्या बोल्टाशी होतं. त्यावर आधी कुणीतरी सिलिकॉन फासलेलं, आणि सिलिकॉनवर नंतर काहीच चिकटत नाही. पत्रा दिसेपर्यंत खरवडून, स्पिरिटने पुसून, कंसाखाली ब्यूटिल टेप आणि कडेने पॉलियुरेथेन सीलंट. ते हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, दिवसाला साधारण तीन मिलिमीटर. पण लावताना पृष्ठभाग कोरडाच हवा, म्हणून हे काम चौथ्या दिवशीच्या उन्हात पुरं झालं. तोवर वरून ताडपत्री.

दिवस ४, ६० किलोमीटर

सकाळी सेल्फचा फक्त टक असा आवाज. २४ व्होल्टच्या बसमध्ये १२-१२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. मीटर लावल्यावर वरची १२.७ आणि खालची (जिचं निगेटिव्ह चासीला आहे ती) ११.६ व्होल्ट. दोन जुळ्या बॅटऱ्यांत एवढा फरक दिसला की तार बहुधा कुठेतरी मधूनच घेतलेली आहे हे समजून जावं.

तसंच होतं. घरातले दिवे, पाण्याचा पंप आणि फ्रिज १२ व्होल्टवर चालतात, म्हणून त्यांची तार दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून घेतली होती. बसचं घर करताना होणारी ही सगळ्यात नेहमीची चूक आहे आणि ती सुरुवातीला चालूनही जाते. रात्रभर खालचीच बॅटरी रिकामी होते. दिवसा अल्टरनेटर २८ व्होल्ट देतो, पण ते समान वाटले जात नाहीत. गाडी सुरू केल्यावर मोजलं तर वरच्या बॅटरीवर १५.१, खालच्या बॅटरीवर १२.९. वरची रोज उकळते, तिचं पाणी आटतं. खालची कधीच पूर्ण भरत नाही, तिच्या प्लेटांवर सल्फेट धरतं. काही महिन्यांत दोन्ही जातात. दोघींच्या जागा अदलाबदल केल्याने फक्त मरण लांबतं.

खालची बॅटरी सोडवून १२ व्होल्टच्या चार्जरने वेगळी भरली, सोलरचा आधार घेऊन सहा तास. वरच्या बॅटरीत डिस्टिल्ड पाणी, प्लेटांच्या वर १० ते १५ मिलिमीटर. मधली तार कापून टोक बंद केलं. घरासाठी २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर दोन्ही बॅटऱ्यांवर मिळून लावला, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत, कारण फ्यूजच्या आधीची तार घासली तर तिला थांबवणारं काही नसतं. कायमचा उपाय म्हणजे घराला पूर्ण वेगळी बॅटरी आणि चालताना ती भरणारा डीसी-टू-डीसी चार्जर.

सेल्फ अजूनही सुस्त होता. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरून सेल्फ मारला: १.४ व्होल्ट. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त येता कामा नये. इंजिन आणि चासी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी रंगावरच आवळली होती. कानस मारून लोखंड पांढरं केलं, पट्टी आवळली, वर ग्रीस. ०.२ व्होल्ट. दहा मिनिटांचं काम, पण मोजल्याशिवाय याच्यासाठी लोक सेल्फ बदलतात.

दिवस ५, ३५ किलोमीटर

ब्रेकच्या बाबतीत 'पुढे पाहू' हा पर्याय नसतो, म्हणून हा दिवस जवळजवळ पूर्ण एका चाकाशी गेला.

सकाळची चाचणी रोजची आहे. ब्रेकच्या हवेच्या टाक्या ८ बारपर्यंत भरायच्या, चाकांखाली लाकडी ठोकळे लावायचे, इंजिन बंद करून हँडब्रेक सोडायचा आणि एक मिनिट काटा पाहायचा. एका मिनिटात ०.१५ बारपेक्षा जास्त उतरू नये. पाय ब्रेकवर दाबून धरल्यावर ०.२ पेक्षा जास्त नाही. पहिला आकडा बरा होता. पाय दाबला की मात्र मिनिटाला १ बार जात होता, आणि मागे डावीकडे फुसफुस.

आवाज केव्हा येतो यावरून बूस्टरचा (हवेच्या दाबाने चाकाचा ब्रेक लावणाऱ्या डब्याचा) कोणता भाग गेला ते कळतं. मागच्या चाकांच्या बूस्टरचे दोन कप्पे असतात: एकात हवा रबरी पडदा ढकलून पायाचा ब्रेक लावते, दुसऱ्यात स्प्रिंग हँडब्रेक लावते आणि हवा तिला दाबून तो सोडते. पाय दाबल्यावरच गळती होत असेल तर ब्रेकच्या कप्प्याचा पडदा फाटला आहे. हँडब्रेक सोडल्यावर सतत गळत असेल तर स्प्रिंगच्या कप्प्याचा. पहिला पडदा रस्त्यावर बदलता येतो. स्प्रिंगच्या कप्प्याचा पट्टा (डब्याचे भाग आवळून धरणारी कडी) कधीही, कुठल्याही परिस्थितीत उघडायचा नाही. आतली स्प्रिंग शेकडो किलोच्या जोराने दाबलेली असते आणि सुटली तर माणूस मारते. तो कप्पा गेला तर पूर्ण बूस्टरच बदलतात.

काम असं. चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, कारण पुढे हँडब्रेक उरणार नाही. हवा भरून हँडब्रेक सोडायचा, म्हणजे हवेनेच स्प्रिंग दाबलेली राहते. बूस्टरच्या पाठीवरचा रबरी बूच काढायचा. बाजूच्या खिशात लांब बोल्ट असतो, तो आत घालून पाव फेरा फिरवून अडकवायचा आणि नट हाताच्या पान्याने आवळायचा. हवेच्या पान्याने नाही. स्प्रिंग बांधली गेली की टाक्यांतली सगळी हवा सोडायची. मग पुढच्या, म्हणजे ब्रेकच्या कप्प्याचा पट्टा. आधी दोन्ही भागांवर खडूने एक सलग रेघ, नाहीतर पाइपांची तोंडं वाकडी बसतात. पडद्याचा आकार बूस्टरवर कोरलेला असतो (२४, ३० असे अंक), तोच घ्यावा. नवा पडदा, पट्ट्याचे दोन बोल्ट थोडे थोडे आळीपाळीने, हवा भरून साबणाचं पाणी. बुडबुडा नाही. मग बांधलेली स्प्रिंग सोडायची, हे विसरलं तर त्या चाकाला हँडब्रेकच राहत नाही.

लगेच पुश रॉडची (बूस्टरमधून बाहेर सरकून ब्रेक लावणाऱ्या दांड्याची) चालही मोजली. ३० नंबरच्या साध्या बूस्टरला ५१ मिलिमीटर ही मर्यादा आहे. इथे ५५ होती. हाताच्या स्लॅक अॅडजस्टरचा बोल्ट लायनर ड्रमला टेकेपर्यंत आवळून पाव ते अर्धा फेरा मागे घेतला, चाल ४० वर आली.

टाक्यांचे ड्रेन ओढले तर पाणी, आठ महिन्यांचं. हे रोज ओढायचे असतात. थंडीत हेच पाणी व्हॉल्व्हमध्ये गोठतं. पाण्यात तेल जास्त असेल तर कॉम्प्रेसरच्या रिंगा तपासाव्यात.

दिवस ६, २१० किलोमीटर

काही बिघडलं नाही. थांबलं की प्रत्येक चाकाच्या हबला हाताचा मागचा भाग लावून पाहिला, चारही सारखेच कोमट.

दिवस ७, ११० किलोमीटर

दुपारच्या थांब्यावर मागचं उजवं चाक बाकीच्यांपेक्षा गरम. जोडचाकांतलं आतलं टायर बसलं होतं. बाहेरचं टायर उभं असल्यामुळे गाडी झुकत नाही आणि डोळ्यांना काही दिसत नाही. सगळा भार एकावर येऊन तेही तापून फुटतं. म्हणून जोडचाकांना लाकडी दांडक्याने ठोकून पाहतात. भरलेलं टायर दांडकं उसळवतं, बसलेलं थप्प आवाज करतं.

आतल्या चाकाच्या व्हॉल्व्हला लावलेली वाढीव नळी हलून हवा गेली होती. नळी बदलता आली असती, पण टायरच्या कडेचे शेवटचे चार अंक होते १११२, म्हणजे २०१२ सालचा अकरावा आठवडा. नक्षी जवळजवळ नवी, पण बाजूच्या भिंतीला भेगा. घर झालेली बस फार चालत नाही, त्यामुळे तिची टायरं झिजून कधीच जात नाहीत, वयाने जातात. नक्षी पाहून त्यांच्यावर विश्वास टाकू नये. स्टेपनी आत घातली.

जॅक अॅक्सलखाली, आणि जॅकखाली जाड फळी. चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायचे. काही जुन्या बसमध्ये डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात. स्टडच्या टोकावर खूण पाहावी, नाहीतर सोडवतोय असं समजून आवळत बसाल आणि स्टड तुटेल. बसवताना दोन्ही चाकांच्या टेकणाऱ्या बाजू गंज आणि रंग काढून साफ. नट समोरासमोर आवळायचे आणि ५० ते १०० किलोमीटरवर पुन्हा. नटाच्या बुडापासून गंजाची रेघ निघालेली दिसली तर तो सैल आहे.

दिवस ८, ५० किलोमीटर

स्टिअरिंग निघाल्यापासून हलकं वाटत होतं, आज खड्ड्यात मागे खाड्‌ असा आवाज झाला. मागच्या उजव्या पाट्यांतला तिसरा पाटा तुटला होता. मेन पाटा शाबूत होता म्हणून हळू चालवून वर्कशॉप गाठता आलं. मेन पाटा किंवा सेंटर बोल्ट तुटला असता तर अॅक्सल जागचा सरकतो, तिथे एक किलोमीटरही जाऊ नये. पाट्याला वेल्डिंग करून घेऊ नये. उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं आणि तो शेजारीच पुन्हा तुटतो. नवा पाटा घेताना रुंदी, जाडी आणि सेंटर बोल्टापासून दोन्ही टोकांपर्यंतची अंतरं वेगवेगळी मोजावीत, ती बहुधा सारखी नसतात. यू बोल्ट नवेच.

पाटा तुटला आणि स्टिअरिंग हलकं, या दोन्हींचं कारण पलंगाखालची ३०० लिटरची टाकी. पाणी लिटरला एक किलो. टाकीचा मध्य मागच्या अॅक्सलच्या दोन मीटर मागे, दोन अॅक्सलमधलं अंतर ५.२ मीटर. तरफेच्या हिशोबाने मागच्या अॅक्सलवर ३०० नव्हे, सुमारे ४१५ किलो पडतात आणि पुढचा अॅक्सल ११५ किलोंनी हलका होतो. म्हणजे पुढच्या चाकांची पकडही तेवढी कमी. टाकी दोन अॅक्सलच्या मधे असायला हवी. हलवेपर्यंत ती ८० लिटरच भरायची असं ठरलं. वजनकाट्यावर आधी फक्त पुढची चाकं, मग पूर्ण गाडी, असे दोन आकडे घेऊन नोंदवले. घर बांधून झाल्यावर पहिल्याच दिवशी घ्यायला हवे होते.

दिवस ९, १२० किलोमीटर

मुक्काम. गाडी पुन्हा काही महिने उभी राहणार, म्हणून संध्याकाळ तिला नीट उभं करण्यात गेली. डिझेलची टाकी काठोकाठ, म्हणजे ओलावा थिजायला जागाच उरत नाही. हवेच्या टाक्यांचे ड्रेन पाणी संपेपर्यंत ओढले. टायरांत हवा पूर्ण, चासीखाली चार आधार, चाकांवरचा भार निम्मा. चारही चाकांखाली ठोकळे आणि मागच्या दोन्ही बूस्टरच्या स्प्रिंगा बोल्टने बांधून ठेवल्या, कारण दाबलेले लायनर दमट हवेत ड्रमला चिकटतात. घरातली टाकी, पंप आणि नळ्या रिकाम्या केल्या. बॅटरीची दोन्ही टोकं सोडली. स्टिअरिंगवर चिकटपट्टी लावून तीवर लिहिलं: 'स्प्रिंगा बांधलेल्या, हँडब्रेक नाही. बोल्ट सोडल्याशिवाय ठोकळे काढू नका.'